घुमट सुरू झालं की गिटार गडप होते, त्यावर काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आलाय: फोंड्याकडचा सात जणांचा ग्रुप, नायलॉन तारांची गिटार, व्हायोलिन, मॅन्डोलिन, बासरी, तबला, घुमट (मडक्याच्या तोंडाला कातडं ताणलेलं गोव्याचं तालवाद्य) आणि एक गायिका, सगळं अकूस्टिक, कीबोर्ड नाही, बेस गिटार नाही. डिसेंबरात गावातल्या मंडळाच्या हॉलमध्ये दीड तासाचा कार्यक्रम, दोनेकशे माणसं. केप व्हर्डे (आफ्रिकेजवळची बेटं), बाल्कन, अरबी, आयरिश आणि आपला मांडो, म्हणजे गोव्याचं संथ प्रेमगीत, सगळं वाजवायचंय. पण तालमीत घुमट सुरू झालं की गिटार ऐकूच येत नाही, दर गाण्यानंतर तबला लावण्यात वेळ जातो, आणि माईक किती घ्यायचे यावरून ग्रुपमध्ये रोज भांडण.

मी व्हायोलिन वाजवतो आणि असे मिश्र ग्रुप बसवून द्यायचं काम बरीच वर्षं करतोय, तेव्हा आधी एकच गोष्ट सांगतो, बाकीची उत्तरं तिच्यातूनच निघतात. ग्रुपमधलं सगळ्यात बारीक आवाजाचं वाद्य कुठलं ते पक्कं करा आणि गाणी, बैठक, माईक, ताल सगळं त्या वाद्याच्या सोयीने लावा. तुमच्याकडे ते म्हणजे नायलॉनची गिटार, आणि खालच्या सप्तकात गेली की बासरी. बहुतेक ग्रुप उलटं करतात, घुमट आणि तबला आपल्या मजेत वाजतात आणि मग गिटारला माईक लावून तिला त्यांच्यापर्यंत ओढायला बघतात, ते कधीच जमत नाही, कारण गिटारचा माईक घुमटपण उचलतो आणि शेवटी दोन्ही वाढतात.

घुमटापासून सुरुवात करतो, तुमची खरी अडचण तिथेच आहे. चवथीला आरतीत किंवा सुवारीत (घुमटांच्या सामूहिक वादनात) घुमट वाजतं ते शामेळ नावाच्या चर्मवाद्याच्या आणि कांसाळ्याच्या, म्हणजे झांजांच्या, जोडीने, घरात पंचवीस-तीस माणसं गळा काढून गात असतात, तिथे ते तसंच वाजायला पाहिजे. तुमचा घुमटवाला त्याच सवयीने पूर्ण पंजा मारतोय, पैज लावतो. त्याला म्हणावं उजव्या हाताची फक्त बोटं, तीपण कडेकडेला, मधे थाप द्यायची ती ठरलेल्या जागीच. आणि खरी कळ डाव्या हातात आहे. मडक्याचं बारकं तोंड डाव्या तळव्याने किती झाकतो त्यावर खर्ज किती बाहेर पडेल ते ठरतं, उघडं सोडलं तर पोटातून हुंकार येतो, झाकलं तर आवाज कोरडा आणि छोटा होतो. गिटार एकटी कडवं वाजवत असेल तेव्हा तोंड झाकलेलंच ठेवायचं, धृपदाला उघडायचं. एवढं एक केलंत तरी निम्मी भांडणं मिटतील, आणि ऐकणाऱ्याला वाटेल वा, काय अरेंजमेंट केलीय. बसतानापण ते उघडं तोंड गिटारवाल्याकडे नको, मागच्या पडद्याकडे करा.

कोणीतरी कहोन, म्हणजे वर बसून वाजवायचं लाकडी खोकं, आणायचं म्हणतोय असं लिहिलंय. नका आणू. वाद्य छानच आहे, मूळचं पेरूतलं, तिथल्या आफ्रिकन गुलामांच्या वस्तीतून आलेलं, आणि १९७०च्या दशकाच्या शेवटी स्पॅनिश गिटारवादक पाको दे लुसियाने ते फ्लामेंकोत नेलं, त्यामुळे आज सगळ्यांना ते स्पॅनिशच वाटतं. पण तुमच्याकडे खर्जाला घुमट आहे, डग्गा आहे, त्यात तिसरा धप्प आवाज आणलात की गिटारच्या खालच्या तीन तारा गेल्याच समजा. तालवाद्यं दोन असली तरी एका वेळी खर्ज एकानेच वाजवायचा, दुसऱ्याने वरचा भाग. मांडोला तबला पूर्ण गप्प बसला तरी कोणी वर्गणी परत मागत नाही.

आता स्वर. तबला लावण्यात वेळ जातो याचं कारण तुम्ही गाणी देशाप्रमाणे लावलीयेत, एक गाणं काळी एकला (ही पेटीच्या पट्ट्यांची नावं), पुढचं पांढरी तीनला, मग पांढरी सहा. तबला एका सुराचा, हातोडीने स्वरभर वर-खाली करता येतो पण तेवढ्यात लोक मोबाईल काढतात. सा एकच ठरवा, आणि तुमच्या वाद्यांना पांढरी दोन, म्हणजे डी, इतका सोयीचा दुसरा सूर नाही. व्हायोलिन आणि मॅन्डोलिनच्या चारही मोकळ्या तारा जी डी ए ई, म्हणजे डी ला सा धरलं की म सा प रे, सगळ्या कामाच्या. गिटारची सगळ्यात खालची तार ई वरून डी ला उतरवली की खाली भरगच्च सा मिळतो. आयरिश चालींचा तर अर्धा खजिना डी मध्येच आहे. सलग चार-पाच गाणी डी मध्ये, मग मध्यंतर, तेवढ्यात तबला जी ला किंवा ए ला लावून घ्या, किंवा दुसरा दायाँ (उजव्या हाताचा तबला) तयार ठेवा. घुमटाला असा नेमका सूर नसतो, त्याची काळजी नको. गायिकेला डी मध्ये त्रास होत असेल तर मात्र तिचंच ऐकायचं, तिथे वाद्यांनी हट्ट करायचा नाही, मग सा बदला आणि हे सगळं गणित नव्याने मांडा.

बासरी विकत घेताना गंमत होते ती लक्षात ठेवा. आपल्याकडे वरची तीन भोकं बंद केल्यावर जो सूर येतो त्याला सा धरून बासरीचं नाव देतात, आयरिश लोक सहाही भोकं बंद करून येणाऱ्या सुराचं नाव देतात. म्हणजे त्यांची डी ची शिट्टी (टिनची छोटी बासरी) आणि आपली जी ची बासरी एकच सूर काढतात. तुमच्या बासरीवाल्याला आयरिश चाली डी मध्ये वाजवायच्या असतील तर त्याने दुकानात जी मागायची, डी मागून घरी आला तर तो आणि बाकीचे एकमेकांना बेसूर म्हणत बसतील. आलापाचं काम असेल तर डीच घ्या, म्हणजे पिशवीत दोन बासऱ्या झाल्या.

सुरावरून आठवलं, हवा. हॉल एसी असेल आणि तुम्ही बाहेर व्हरांड्यात लावून आत गेलात तर घोटाळा नक्की. बासरीतली हवा गरम झाली की सूर चढतो, दर डिग्रीला साधारण ३ सेंट (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट), म्हणजे बाहेर ३१ आणि आत २२ असेल तर अर्ध्या स्वराचा जवळजवळ पाव भाग फरक, तो कान असलेल्या कोणालाही कळतो. तारांचं नेमकं उलटं, गरमीत तार सैल पडून उतरते, थंडीत चढते. म्हणजे आत गेल्यावर बासरी खाली आणि मॅन्डोलिन वर, दोघांनीही काही केलेलं नसतं. म्हणून वाद्यं निदान अर्धा तास आधी स्टेजवर ठेवा आणि तिथेच लावा, आणि बासरीवाल्याने आपलं गाणं यायच्या आधी बासरीत हळू फुंकर मारून ती गरम ठेवायची. डिसेंबरात कातड्याचा त्रास कमी, पावसाळ्यात असता तर घुमट आणि तबला ढिले पडतात ते शेकत बसावं लागतं.

गाणी कशी निवडायची. देश मोजू नका. लोकांना कानाला सलग वाटलं पाहिजे, आणि सलगपणा स्वरांच्या आणि तालाच्या शेजारातून येतो. बाल्कनातल्या आणि पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांच्या कितीतरी चाली हार्मोनिक मायनरच्या आसपास असतात, म्हणजे आपला कीरवाणी. अरबी हिजाझ (तिकडचा एक मकाम, आपल्या रागासारखा) सा पासून म पर्यंत ऐका, सा कोमल रे शुद्ध ग म, भैरवाचं पूर्वांगच की ते, आणि वर कोमल ध कोमल नी घेतलात की बसंत मुखारी. पाच स्वरांचा भूप तर स्कॉटलंडपासून चीनपर्यंत सगळीकडे. म्हणून अरबी तुकडा आणि भैरवातलं एखादं जुनं पद शेजारी ठेवा, मधे न थांबता एकातून दुसऱ्यात जा, बघा लोक कसे सरसावून बसतात. फोंड्याकडचा प्रेक्षक आहे, नाट्यसंगीत ऐकत वाढलेला, त्याला समजावून सांगावं लागत नाही, पण नुसतं विदेशी विदेशी करून फसवलंत तर तेही त्याला लगेच कळतं.

एक सावधगिरी. अरबी रास्त या दुसऱ्या मकाममधला ग आपल्या कोमल आणि शुद्ध ग च्या मधे कुठेतरी असतो, गिटारच्या पडद्यांवर तो सापडत नाही, मॅन्डोलिनवरही नाही. व्हायोलिन आणि गळा तिथे सहज जातात. मग गिटारने तिथे कॉर्डमधला ग गाळून फक्त सा आणि प धरायचा. गिटारवाले हे ऐकत नाहीत, त्यांना पूर्ण कॉर्ड वाजवल्याशिवाय चैन पडत नाही, पण तो शुद्ध ग वाजला की व्हायोलिनवाला बेसूर ठरतो, चूक नसताना.

तालाचं. बल्गेरियातला राचेनित्सा नाच सात मात्रांचा, तुमचा तबलेवाला म्हणाला हा तर रूपक, आणि तिथेच तुमचं बिनसलंय असं दिसतंय. रूपक ३ २ २ आणि राचेनित्सा २ २ ३. रूपकाचा ठेका तीं तीं ना, धीं ना, धीं ना. आता तोच ठेका चौथ्या मात्रेपासून धरा: धीं ना, धीं ना, तीं तीं ना. मात्रा जुळल्या, पण अजून नाच येत नाही, कारण शेवटचे तीन खालीचे आहेत, डग्गा गप्प, आणि त्या नाचात उडी नेमकी तिथेच आहे. म्हणून त्यातल्या पहिल्या तीं ला डग्गा भरून धीं करा: धीं ना, धीं ना, धीं तीं ना. आधी सगळ्यांनी वाद्यं खाली ठेवून पायाने ठोका आणि तोंडाने बोला, वेग नंतर आपोआप येतो. सुरुवातीला सात मोजत बसलात तर त्या लयीत कोणी पोचत नाही, दोन आखूड एक लांब एवढंच डोक्यात ठेवायचं.

मांडोला नेमकी उलटी काळजी. सहाचा ताल आहे म्हणून तबलेवाला दादरा धरतो आणि धा वर जोरात सम देतो, झालं, मांडोचा जीव गेला. मांडो झुलत जातो, गाणारी शब्दावर रेंगाळते, व्हायोलिन तिच्या मागून येतं, घुमटाने तिच्या श्वासाकडे बघून थांबायचं असतं. दोन गळे असतील तर दुसरा एका तिसऱ्या स्वराच्या अंतराने खालून जातो, तो सूर मिळाला की हॉलमधली म्हातारी माणसं आपोआप गुणगुणायला लागतात. मग दुलपद (मांडोनंतरचं चटपटीत गाणं) लावा, तेव्हा घुमटवाल्याला मोकळा सोडा, संध्याकाळभर बिचारा बोटांनीच वाजवतोय.

आणि मांडो शेवटी "आता थोडं आपलंही" म्हणून लावू नका, मला ते फार खटकतं. केप व्हर्डेच्या मोर्ना नंतर लगेच घ्या. मोर्ना म्हणजे तिथली गायिका सेझारिया एव्होरा जे गायची ते, संथ, विरहाचं, आणि ती बेटंही आपल्यासारखीच पोर्तुगिजांखाली होती, त्यामुळे गिटारची चाल, मायनरमधला उसासा, सगळं ओळखीचं निघतं. तिकडे कावाकिन्यो नावाची छोटी चार तारांची गिटार ताल धरते, ते काम तुमच्या मॅन्डोलिनला द्या, सगळ्या तारा हाताच्या कडेने अर्धवट दाबून, छक छक. त्याच घराण्यातलं वाद्य माडेराहून १८७९ मध्ये मजुरांच्या जहाजातून हवाईला गेलं आणि तिथे त्याचं युकुलेली झालं. हे निवेदनात सांगायला छान आहे, पण दोन वाक्यांत. निवेदन लांबलं की लोक चहाचं विचारायला लागतात.

फादो, म्हणजे पोर्तुगालचं विरहगीत, घ्यायचा विचार असेल तर जरा थांबा. बारा तारांची पोर्तुगीज गिटार नाही, शब्दांचे उच्चार पक्के नाहीत, आणि गोव्यात फादो मनापासून गाणारी-ऐकणारी माणसं आहेत, ती पहिल्या ओळीला ओळखतील. तसंच घुमट आरती कार्यक्रमात तुकडा म्हणून वापरू नका, निदान बाजूला दारूचा काउंटर असेल तिथे तरी नाहीच, ताल घ्या हवा तर, आरती राहू दे चवथीला.

हॉल. मंडळाचा हॉल म्हणजे फरशी, प्लास्टर, वर पत्रे, रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली तर ती तिथेच खणखणत राहते. मागे जाड पडदा सोडा, पुढच्या भागात खुर्च्यांऐवजी जाजम घालून मुलांना बसवा, माणसं भरली की आवाज बराच मऊ होतो, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये फार घाबरू नका. जुन्या गोव्याच्या चॅपेलमध्ये वाजवण्याची संधी आली तर तिथे गणित वेगळं, आवाज लांबपर्यंत रेंगाळतो, संथ गाणी सोन्यासारखी लागतात आणि राचेनित्साची नुसती खिचडी होते.

आणि पंखे! याच्याबद्दल कोणी बोलत नाही. मंडळाच्या हॉलमधले पंखे फुल स्पीडला असले की त्यांचा आवाज नायलॉनच्या गिटारपेक्षा मोठा. डिसेंबर आहे, संध्याकाळी सातनंतर पंखे बंद करून खिडक्या उघडल्या तर चालतं, पण मंडळाच्या माणसाशी आधी बोलून ठेवा, नाहीतर पहिल्याच मोर्नाला कोणीतरी काका उठून रेग्युलेटर फिरवतात. जनरेटर खिडकीखाली लावलाय का तेपण आदल्या दिवशी जाऊन बघा.

माईक. दोनशे माणसांच्या हॉलला व्हायोलिन, तबला आणि घुमटाला माईक नको. गायिकेला एक, गिटारला एक, बासरीला एक, मॅन्डोलिन गिटारच्या शेजारी बसवा, तिला वेगळा लागला तर बघू. गिटारला शक्यतो बाहेरून माईक, मान जिथे पोटाला मिळते त्या सांध्याकडे तोंड करून वीतभर अंतरावर, भोकासमोर धरलात तर नुसती घुमघुम येते. अकूस्टिक गिटारच्या पोटाचा स्वतःचा सूर १०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि माईक घुमायची (फीडबॅकची) सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते, साउंडवाल्याला इक्वलायझरवर तेवढाच भाग उतरवायला सांगा. बासरीचा माईक फुंकेच्या समोर नको, जरा वरून तिरका. आणि मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेले स्पीकर, जमलं तर ठेवूच नका. मॉनिटर आला की एकाला स्वतःचं जास्त पाहिजे, मग दुसऱ्याला, शेवटी स्टेजवर बाजार. अर्धवर्तुळात इतके जवळ बसा की एकमेकांचे हात दिसतील, गिटार मधोमध, तिच्या दोन्ही बाजूंना बासरी आणि मॅन्डोलिन, तालवाल्यांना दोन्ही टोकांना. कोणाला गिटार ऐकू येत नसेल तर तो स्वतः जोरात वाजवतोय, एवढा एकच नियम तालमीत लावा.

साउंडवाला बहुतेक डीजेचं सामान घेऊन येतो, छातीएवढे बेसचे खोके. एका कार्यक्रमाला असाच एक भला माणूस आला होता, म्हणे सर, एवढा बेस फुकट जाईल. जाऊ दे म्हटलं. बेसचे खोके बंद, गाणारी सोडून सगळ्या माईकवर लो कट (खर्ज कापायचं बटण), आणि आवाज इतपतच की शेवटच्या रांगेतल्या माणसाला माईक आहे हे कळू नये. ग्रुपमधला एक जण चेकच्या वेळी शेवटच्या रांगेत उभा पाहिजे, स्टेजवरून काहीच कळत नाही.

तालमीचं एक. तालीम पूर्ण बिनमाईकची, एका खोलीत, आणि मोबाईल दहा-पंधरा फुटांवर ठेवून रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंगमध्ये गिटारचं प्रत्येक कडवं ओळखू येईपर्यंत कार्यक्रमाचं पोस्टर छापू नका. पहिलं गाणं फक्त गिटार आणि बासरीचं ठेवा, लोकांचा कान त्या आवाजाला बसतो, मग पुढे मोठी वाद्यं आली तरी ते गिटार शोधून ऐकतात. घुमटाने सुरुवात केलीत तर पुढे सगळं फिकं.

कागदपत्रांचं पटकन: उघड्यावर करायचं ठरलं तर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, २००० सालचे ध्वनी प्रदूषणाचे नियम आहेत आणि गोव्यात तक्रार करणारे शेजारी सगळीकडे असतात, म्हणून सहाला सुरू करा. पारंपरिक चालींना हक्काचा प्रश्न येत नाही, पण एव्होराने गायलेलं एखादं गाणं घेतलंत तर त्याचा संगीतकार कोण ते बघा, आपल्याकडे हक्क रचणाऱ्याच्या हयातीनंतर ६० वर्षं राहतो, तिकीट लावणार असाल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे विचारून लायसन्स घ्या.

घुमट नवीन घेणार असं म्हणताय तर बकरीच्या कातड्याचंच घ्या. घोरपडीचं चांगलं वाजतं असं सांगणारे म्हातारे भेटतील, पण घोरपड १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहे, ते कातडं जवळ बाळगणंच गुन्हा. बकरीचं कातडं जरा जाड, टणत्कार कमी, आणि तुमच्या कामाला तर तेच बरं, गिटारला तेवढीच जागा जास्त मिळते. घेताना तोंडावर तळवा ठेवून उघडझाप करून बघा, दोन आवाजांत स्पष्ट फरक आला नाही तर दुसरं मडकं मागा.